गोड्या पाण्याची विहीर

१० जुलै २०११
बदली होऊन आले एकदाची वरवट बकालला! शाळेजवळच खोली मिळाली. सामान टाकून धम्मदीप नोकरीवर चिखलीला परतला. मला पाचवा महिना, त्यात इथलं पाणी खारट, त्याचीच धास्ती होती. पण घरमालकीण वच्छलाबाईंच्या शेतातली विहीर गोड्या पाण्याची. दोन घागरी त्या स्वतः आणून देतात. त्यांच्या सुमनलाही दिवस गेलेत; पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी येणार आहे. मला म्हणाल्या, तूही माझी पोरच.

२ ऑगस्ट
आज शेत पाहिलं. कपाशी बीटीची, तरी तुडतुड्यांसाठी फवारणी चालूच. बाईंचे यजमान दयारामभाऊ विहिरीच्या काठावरच पंप विसळतात. पावसाने ओढ दिलेली. ते पाणी काळ्या जमिनीच्या भेगांत घटाघटा उतरत होतं. हटकलं तर हसले. उन्हाने पंधरा दिवसांत औषधाचा जोर मरतो म्हणाले. मलाही पटलं.

वच्छलाबाई रोज सकाळी हनुवटी धरून माझे डोळे न्याहाळतात. आईनेही एवढे लाड केले नाहीत.

२६ ऑगस्ट
चार दिवस झड लागली आहे. सारखी लाळ सुटते, घाम येतो, पोटात कळा. फळा अंधुक दिसतो. वच्छलाबाईंनी डोळे पाहिले आणि लगबगीने निघून गेल्या.

२९ ऑगस्ट
तालुक्याच्या डॉक्टरांनी बाहुल्या पाहिल्या. मोहरीएवढ्या झाल्यात. फवारणी करता का, विचारलं. मी हसले. मग पाणी कुठलं, विचारलं. भेगांतून खाली उतरलेलं औषध अंधारात लवकर मरत नाही म्हणाले. थेट झऱ्याला लागतं.

बाईंना माहीत होतं. रोज माझ्या बाहुल्याच बघत होत्या. माया नव्हती ती—

३० ऑगस्ट
सामान घ्यायला आले. बाई सुमनशी फोनवर बोलत होत्या. ‘यंदा येऊ नको व माय. मास्तरीणबाईले पाजून पायलं. गेल्या सालच्या नर्सबाईवानीच झालं. पाणी सुधरलं नाई अजून.’

त्यांच्या माठात नळाचं खारं पाणी. आणि मला— माझ्या लेकराला— पोर म्हणाली होती मला, दगलबाज!

३१ ऑगस्ट
नाल्याला पूर. एसटी बंद. धम्मदीप पलीकडे अडकला.

बाळ कालपासून हललं नाही. गूळ खाल्ला. कूस बदलली. हाका मारल्या—

दाराशी बाई. हातात तांब्या. रडतेय. विहीर पुरती उपसली म्हणते, नवं पाणी लागलंय म्हणते, सुमनसाठी एवढं एकदा पिऊन पाहा—

आतून कडी लावली. दार वाजवतेय.

बाळा, हल ना. एकदाच—