घागरीतले मासे

बंडप्पा,

तू रानातून येईस्तोवर मी नळदुर्गच्या वाटेला लागलेला असेन. तिथं घरोघर हिवताप आहे. अंग लई मोडून आलंय, पण हिवताप खात्याचा साहेब रजा देत न्हाय.

परसातल्या घागरीत मासे आहेत, डासांच्या अळ्या खाणारे. अव्वा देवळात गेली की आपल्या विहिरीत सोड. मागच्या खेपेचे तिनं ‘घागर बाटली’ म्हणत ओढ्यात ओतले. आता माझ्या पोरीला, इरम्माला पुन्हा हीव भरलंय. कोयनेलची गोळी गुळात घालून दे, नुसती दिली तर थुंकते.

अव्वाला कळलं तर ती आपल्या विहिरीचं पाणी तोंडात घेणार न्हाय. तिच्याशी भांडत बसू नको, आईच आहे ती. तिला मठाच्या विहिरीचं आणून दे, ते चालतं तिला.

तिथं मी परवाच मासे सोडलेत.

अण्णा