दारातूनच बोलणारी माणसं

सोमवार, ४ मार्च

साखरेच्या आजाऱ्यांनो! तुमचं-माझं गाऱ्हाणं एकच आहे. आपण जिंकलो तर सगळ्या बेटाला कळतं. हरलो तर आपला आवाज पुसून टाकतात!

हे ग्रुपवर लिहिलं होतं. पाच मिनिटंही टिकलं नाही. म्हणून इथे लिहिते. या वहीला कोणी ॲडमिन नाही.

झालं असं — आमच्या गावचा फोनोती, मासे मारणारा, पाय गमावून इस्पितळातून घरी आला. त्याने ‘साखरेवर विजय’ या आमच्या ग्रुपवर चार ओळी टाकल्या. ‘पाय गेला. काच घुसली होती, कळलीच नाही. तुम्ही बघत जा.’ एवढंच. एपेनेसाने उडवल्या. एपेनेसा म्हणजे आमच्या पाद्रींची बायको, ग्रुप तिनेच काढलेला. वर तिचा नियम: ‘इथे फक्त विजयाची साक्ष द्या. रडगाणं नको.’

तळपायाची आग मस्तकात गेली. तिची गाडी माझ्या घरासमोर दिसली, तशी हात करून थांबवली.

“पाद्रीबाई, फोनोतीने काय पाप केलं?”

“लोक घाबरतात, तुलाफाले. घाबरलेला माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही.”

“आणि खोट्या धीराने चढतो?”

“धीर खोटा नसतो,” म्हणाली. गाडीतूनच! इंजिन चालू, काच अर्धी खाली. ‘आत या, कोको घ्या’ म्हटलं तर “पुन्हा कधीतरी.” पूर्वी हीच बाई माझ्या चटईवर मांडी घालून नीरफणस खायची. आता पांढरे बंद बूट, पांढरी हॅट, आणि दारातून बोलणं. मोठी लागून गेली!

जुन्या राज्यांत हरल्याची बातमी आणणाऱ्या दूताचा गळा कापत. पुस्तकांत वाचून मला राजांची कीव यायची. आता आमच्याकडे गळे कापत नाहीत. बोट लावलं की दूत गायब.

बुधवार, ६ मार्च

एपेनेसाने मासिनाची जुनी साक्ष पुन्हा वर आणली. मासिना — माझी धाकटी बहीण. फोटोत हसतेय, हातात नोनीच्या औषधी रसाची बाटली. ‘मी रोज पहाटे देवळापर्यंत चालते. माझी साखर उतरली. देवाने मला उचललं, तुम्हीही उठा!’ खाली बदाम, टाळ्या, आमेन, आमेन. ऑकलंडहून, सिडनीहून, कुठून कुठून.

गोष्ट खरी आहे हो! निदान तेव्हा खरी होती. मी डोळ्यांनी पाहिलंय तिला चालताना. तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. पण नंतर काय झालं, हे या ग्रुपवर कोणी कधी विचारत नाही. फोटो हसतच राहतो.

रविवार, १० मार्च

देवळानंतर सगळं घर जेवायला माझ्याकडे. तापल्या दगडांच्या भट्टीत पानांखाली भाजलेलं डुक्कर, अळूचे कंद, अळूच्या पानातलं नारळाचं दूध. मासिना आतच आली नाही. पायरीवर बसली, मोजे-बूट घालून. सगळ्यांच्या चपला दाराशी, हिचे बूट पायात!

“आत ये की गं.”

“आत गरम होतंय, ताई. इथे वारा आहे.”

“फोनवर प्रसिद्ध झाली, आता बहिणीची पायरी चढत नाही!” मी म्हटलं. सगळे हसले.

“राणीसाहेबांचं ताट बाहेर पाठवा!” तिचा नवरा पेलेती ओरडला. तीही हसली. सगळ्यांत मोठ्यांदा हसली.

मंगळवार, १२ मार्च

पुन्हा लिहिलं. पुन्हा उडवलं. तिसऱ्यांदा लिहिलं, तर मलाच ग्रुपबाहेर काढलं! गावाच्या वतीने बोलायचा, तुलाफालेचा मान या गावाने मला दिला. सरदारांच्या सभेत माझं बोलणं मध्ये तोडायची कोणाची छाती नाही. आणि ही—

गुरुवार, १४ मार्च

 

सकाळी पेलेती आला. रविवारचा हसरा पेलेती नव्हता.

“ताई, तुम्ही तिला सांगा. माझं ऐकत नाही.”

“काय सांगू?”

“पाय.”

भट्टीच्या तापलेल्या दगडावर तिचा पाय पडला होता. जाणीवच गेलेली, कळलं नाही. मांस भाजल्याचा वास आला तेव्हा डुकराचाच म्हणून बाई पानं झाकत राहिली! त्यालाही बरेच दिवस झाले. पाला बांधायचा, वर मोजा, वर बूट.

धावत गेले. तिच्याजवळ पोचण्याआधी वास आला. मोजा मी ओढून काढला. काय पाहिलं ते इथे लिहीत नाही.

“दवाखाना शेजारी आहे मासिना! हाकेच्या अंतरावर!”

“त्याचा बाक रस्त्याकडे तोंड करून आहे, ताई. मला तिथे बसलेलं अख्खं गाव बघेल.”

“बघू दे!”

“म्हणतील, साक्ष खोटी होती.” मग हळू आवाजात, “ऑकलंडला एक बाई आहे. रोज निरोप पाठवते. तुझा फोटो बघते आणि मगच अंथरुणातून उठते, म्हणते. मी पडले तर ती काय करील?”

“ती उठेल! तू उठायची नाहीस!”

“ओरडू नकोस. शेजारी ऐकतील.”

शेजारी ऐकतील! पाय सडतोय, आणि शेजारी ऐकतील! देवळात उभं राहून एकदा ‘मी बरी झाले’ म्हटलं की आमच्यात शब्द मागे घेता येत नाही. मागे घेतला तर देवालाच खोटं पाडल्यासारखं. म्हणून इन्शुलिनही सोडलं होतं तिने! सुई टोचताना कोणी पाहिलं तर विजय कुठला, असं वाटून. औषध घेणं म्हणजे हरणं — हे कोणी शिकवलं हिला? कोणी तोंडाने शिकवलं नाही. टाळ्यांनी शिकवलं.

पेलेतीने तिला पाठुंगळी घेतलं. मी पुढे चालले, रस्त्याच्या मधोमध. बघू देत!

शुक्रवार, १५ मार्च

दवाखान्यातून फेरीबोट, फेरीबोटीतून राजधानीला, आपियाच्या मोठ्या इस्पितळात. बोटीवर तिने अंगावरची चादर डोक्यावरून ओढून घेतली. आजारी म्हणून नव्हे. कोणी ओळखू नये म्हणून.

डॉक्टरीण चांगली आहे. रागावली नाही. “उद्या सकाळी. गुडघ्याखालून,” म्हणाली.

मासिना मला म्हणाली, “ताई, ग्रुपवर सांगू नकोस.”

शनिवार, १६ मार्च

कापला. ती आहे.

मंगळवार, १९ मार्च

भाषण लिहून काढलं. रविवारी प्रार्थना संपली की उभी राहणार. पाद्रीची बायको असेल नाहीतर प्रत्यक्ष पाद्री! सरळ नाव घेणार. ‘एपेनेसा, तुझ्या एका बोटाने फोनोतीची हाक पुसली. ती हाक माझ्या बहिणीने वाचली असती तर तिने मोजा काढला असता.’ वाचून दाखवताना माझाच आवाज इतका चढला की इस्पितळातल्या बाकीच्या खाटाही गप्प झाल्या.

मासिनाने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, “झालं?”

“झालं.”

“पाय माझा गेला. भाषण तुझं कसं झालं?”

मी कागदाची घडी घातली.

“फोनोतीची हाक मी वाचली होती, ताई. उडवायच्या आधीच वाचली. वाचून मोजा आणखी घट्ट ओढला.”

“का गं?”

“तो हरलेला होता. मी जिंकलेली होते.” चादर नीट ओढून घेतली. “तू बोल. नको म्हणत नाही. पण मी चालले होते तेही सांग. पहाटेची, देवळापर्यंत. ते खोटं नव्हतं.”

गुरुवार, २१ मार्च

भाषणात मासिनाचं चालणं घातलं. एपेनेसाचं नाव तसंच ठेवलं. राग कमी झालेला नाही. कशाला व्हावा? मासिना एकटी हरली असती तर तिच्या जवळ बसायला कोणीतरी आलं असतं. तिला जिंकलेली करून ठेवली, म्हणून कोणी आलं नाही. आमच्या घरांना भिंती नाहीत, चारी बाजूंनी उघडी. तरी एवढ्या उघड्यावर एका बाईचा पाय महिनाभर लपून राहिला! काय करत होतो आम्ही सगळे? हसत होतो. राणीसाहेबांचं ताट बाहेर पाठवत होतो.

फेरीबोटीने परत आले. आल्या आल्या फोनोतीकडे गेले. कुबड्या बाजूला ठेवून जाळं विणत बसला होता. म्हटलं, रविवारी तूही बोल.

“मी काय बोलू? तुम्ही वाघीण, मी मासा.”

“चार ओळी. त्याच.”

“बरं. पण देवळात तरी उडवू नका म्हणावं!”

शनिवार, २३ मार्च

एपेनेसा आली. गाडी लांब लावून चालत आली. माझ्या भाषणाची वार्ता लागली असणार. मी पायरीवर उभीच राहिले, म्हटलं बोला दारातूनच, तुमची सवयच ती.

खाली पायरीवर बसली. पांढऱ्या बुटाची नाडी सोडायला लागली. बोटांना जमेना.

आत पट्टी होती. पट्टीच्या आत करंगळीची जागा काळी.

“पाद्रींनाही ठाऊक नाही,” म्हणाली. “ग्रुपवर लोकांना धीर द्यायचे ना तुलाफाले — तो सगळा मलाच देत होते.”

मी खाली बसले. दुसऱ्या बुटाची नाडी मी सोडली. हाताला धरून आत चटईवर आणलं. पेलेतीला हाक मारून तिच्या गाडीची किल्ली दिली. आता तो तिला घेऊन दवाखान्यात गेलाय. जाताना तिने तिचा फोन माझ्या हातात ठेवला — “उडवणार नाही. लिहा.”

उद्याचं भाषण फाडलं. ग्रुपवर एवढंच टाकते:

तुमच्या घरी येऊन जे हल्ली आत येत नाहीत, गाडीतून बोलतात, पायरीवरच जेवतात — त्यांना आज आत बोलवा. चपला काढायला लावा. आणि त्यांचे पाय आपल्या मांडीवर घेऊन तळवे बघा.