डावीकडे खड्डा!

३ नोव्हेंबर
वजन उतरवा, असा डॉक्टरांचा हुकूम. म्हणून या वयात सायकल! कालव्याकाठच्या वाटेवर आज साखळी उतरली. जरा वाकलो तोच रोजचे चौघे सायकलवाले थांबले. दोघांनी साखळी बसवली, एकीने पाणी पाजलं, चौथ्याने उपदेश. मला हात काळे करायचीसुद्धा संधी नाही. लोकांना टोचून पोट भरणारा माणूस मी — एवढा चांगुलपणा एकदम अंगावर आला की घाम फुटतो.
पेपरातल्या सदराला विषय मात्र मिळाला.

६ नोव्हेंबर
नुसता थकवा.

९ नोव्हेंबर
आज भानगड कळली. बँकेतून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले एक काका रोज येतात. त्यांच्या पुढे कायम कुणीतरी ओरडत असतं — "डावीकडे खड्डा! पुढे कुत्रं!" मला वाटलं, शिस्त असेल. त्या दिवशी पाणी पाजणाऱ्या शिक्षिकाबाईंनी बाजूला घेतलं. "त्यांना नीट दिसत नाही हो. दोन वर्षं झाली. आम्ही पाळ्या लावल्यात. पण बोलायचं नाही हं! त्यांना वाटतं, कुणाला कळलेलंच नाही."
माझ्यासकट बावीस माणसं. छापील तक्ता! गुरुवार माझ्या गळ्यात.

१४ नोव्हेंबर
चौदा किलोमीटर बोंबलत गेलो. घसा बसला. मागून काका, "लेखक, लिहिता त्यापेक्षा ओरडता बरं तुम्ही!"
पुलापाशी टेकलो तेव्हा म्हणाले, "हे सगळे का ओरडतात, मला कळत नाही होय? पण त्यांना बरं वाटतं, मी कशाला बोलू?" वडिलांची नजरही अशीच गेली म्हणे. डोळ्याची शीर सुकते, घराण्यातच आहे.
"डॉक्टरकडे गेलात?"
"कशाला? सायकल बंद करा म्हणेल. मुलगी तर टपूनच बसलीय. आमची ही गेल्यापासून, लेखक, या वाटेसाठीच उठतो मी सकाळी."
उठलो, ओरडायला लागलो.

२१ नोव्हेंबर
माझी पाळी. पाठ, गुडघे, घसा — सगळ्यांनी संप पुकारलेला. ओरडायला क्षणभर उशीर झाला. समोरून बाबागाडी ढकलत एक बाई. मी वळलो. काका वळले नाहीत. पेडल बाबागाडीला खरवडत गेलं. बाळ झोपलेलंच. बाईने गाडी झटकन कडेला ओढली. काका पुढे जाऊन थांबले, हसत म्हणाले, "फांदी लागली का हो कसली?"
फांदी!

२२ नोव्हेंबर
शिक्षिकाबाईंना म्हटलं, काकांच्या मुलीला सांगू या. "अहो, हाय खातील ते! त्यापेक्षा उद्यापासून पुढे दोघं ठेवू." बाकीच्यांनी माना डोलावल्या. तक्ता लगेच नवा. इतकी चांगली माणसं, की धड भांडताही येत नाही.

२३ नोव्हेंबर
मुलीला फोन केला. बाबागाडीसकट सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग — "किती जण आहात म्हणालात तुम्ही?"

२५ नोव्हेंबर
काकांच्या सायकलीला कुलूप. त्यांचा फोन आला. एकच वाक्य — "तुम्हाला मी माणूस समजत होतो." ठेवला.
वाटेवर आज शिक्षिकाबाईंनी तोंड फिरवलं. बाकीचेही तसेच गेले.
संपादक सदर मागताहेत. एक ओळ सुचत नाही. दुपारभर पडून होतो.

३० नोव्हेंबर
मुलीचा फोन. परवा ओढतच नेलं त्यांना डोळे तपासायला. शीर धडधाकट आहे! दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पार पिकलेला. मंगळवारी पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन, अर्ध्या तासाचं काम. दोन वर्षांपूर्वी आणलं असतंत तर तेव्हाच दिसायला लागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.
आता हे बाकीच्या एकवीस जणांना कुणीतरी सांगायला हवं.