दोन किलोमीटर खालचा व्हॉल्व्ह

तीर्थरूप बाबा,

समुद्रावरून शाल्मलीचा नमस्कार. लाटा शांत आहेत. आईला सांगा, रोज गरम पोळी मिळते.

माझं काम नेमकं काय, असं तुम्ही विचारलं होतं. तुमचंच आहे. तुम्ही रेल्वेच्या केबिनमध्ये लिव्हर ओढायचात आणि लांबवर सिग्नल पडायचा. मी इथे बटण दाबते आणि तेलाच्या विहिरीत दोन किलोमीटर खोल बसवलेला व्हॉल्व्ह हलतो.

मंगळवारी एका विहिरीच्या खालच्या थरातून तेलाबरोबर पाणी येऊ लागलं. मी त्या थराचा व्हॉल्व्ह बंद केला. स्क्रीनवर 'बंद' असं आलंही. सोबतचे मिश्राजी म्हणाले, "हो गया बेटा, चलो चाय पीते हैं." पण लिव्हर ओढल्यावर तुम्ही खिडकीतून वाकून सिग्नल खरंच पडला का ते बघायचात, ते आठवलं. मी वर येणाऱ्या तेलाचा नमुना मागवला. पाणी तेवढंच होतं! व्हॉल्व्ह अर्ध्यातच अडकला होता. तीनदा उघडबंद केला, तेव्हा कुठे पाणी कमी झालं.

तिकडे घरी, नगऱ्यात थंडी किती आहे? जिना चढताना अजून मध्येच थांबता का? फोनवर विचारलं की "एकदम ठीक" म्हणता आणि फोन आईच्या हातात देता.

मला ते स्क्रीनवरच्या 'बंद'सारखं वाटतं, बाबा. सीपरी बाजारातल्या डॉक्टरांकडे काढलेल्या कार्डिओग्रामचा फोटो मला पाठवायला सुमेधदादाला सांगा. तो फोटो येईपर्यंत मी खिडकीतून वाकलेलीच आहे.

तुमची,
शाल्मली