वरांचे दहा टॅब

१७ मे १९९९
परळीच्या आमच्या समाज मंडळासाठी वधूवर सॉफ्टवेअर सुरू. व्हिज्युअल बेसिक. प्रत्येक वराला एक टॅब. एकूण दहा, त्यात मीही. एक जूनला उद्घाटन. अध्यक्ष भीमाशंकरअप्पा सिरसाळ्याहून मुलीला, कावेरीला, घेऊन येणार. तिच्यासाठी स्थळ त्यातूनच बघणार. माझा टॅब पहिला ठेवला. ही लबाडी नाही, डिझाइन आहे.

२१ मे
तिशी पूर्ण झाली की त्या वराचा टॅब कोडनेच लपेल, अशी सोय केली. माझीच आयडिया. म्हातारे स्पर्धक परस्पर कटतील. मी अजून एकोणतीस. आई सांगते, माझा जन्म दिवाळीनंतरचा.

२६ मे
ऑपरेटर शिवांजलीवर लक्ष ठेवायला हवं. शाळेच्या दाखल्यांवरून जन्मतारखा भरताना हसत होती. का, विचारलं, तर म्हणाली, "काय न्हाई सर." शिवाय टीव्ही दुकानवाला श्रीशैल मंडळाला फुकट स्टॅबिलायझर देऊन गेला. फुकट कोण देतं? त्याचा टॅब दहावा. पासवर्ड बदलला.

३१ मे
वीस वेळा चालवून पाहिलं. दहाही टॅब हजर. शिवांजली काहीतरी सांगायला आली होती; पासवर्डसाठीच असणार, हाकललं. पासवर्ड पुन्हा बदलला. उद्या नवा शर्ट.

१ जून, दुपारी
घात झाला. भर सभेत प्रोग्रॅम उघडला, तर नऊ टॅब गायब. उरला एकटा श्रीशैल! शिवांजलीला सगळ्यांसमोर विचारलं, त्या स्टॅबिलायझरमध्ये काय बसवलंय? तिनं दाखल्यांचा गठ्ठाच आपटला. "तुमी नऊ जण एकाच वर्गातले. गुरुजींनी सगळ्यांचा जन्म एक जूनच लिवलाय. आज सगळ्यांना तीस पुरे झाले! सांगाया आलते, तर तुमी मलाच चोर समजून हाकललं." श्रीशैल सोलापूरच्या दवाखान्यात जन्मलेला, म्हणून त्याच्या दाखल्यावर खरी तारीख, ऑगस्टची. माझीही तारीख एक जूनच. विसरलो नव्हतो, लक्षात नव्हतं.

कावेरी त्या एका टॅबकडे बराच वेळ बघत होती.

१ जून, रात्री
गुरुजी श्रीशैलच्या नात्यातले असणार. कट चोवीस वर्षांपूर्वीच शिजला. चौकशी करणार.

३ जून
अप्पांना गाठून माझं खरं वय सांगितलं. म्हणाले, "तुजाच कायदा हाय बसवेश. आमी कागद धरतो."

९ जून
कावेरीचं श्रीशैलशी जमलं. अप्पांचा निरोप आला, आता त्याचाही टॅब काढ. एका ओळीचं काम. संध्याकाळपर्यंत टाळलं. शेवटी लिहिली. पहिल्याच झटक्यात चालली.