धुरावर धरलेलं मटण

आई, आज मी तुझ्यासारखं मटण धुरावर धरलं. तुझी सून तापातून उठून महिना होत आला, पण तिच्या तोंडाला चव म्हणून नाही. पेजेचे दोन घोट घेते आणि वाटी सरकवते. डॉक्टर म्हणतात आजार गेला, आता पोटात अन्न गेलं पाहिजे. तिची मनगटं बघितली की मला झोप लागत नाही. परवा आपणहून म्हणाली, "आईंच्या हातचं ते धुरातलं मटण असतं तर खाल्लं असतं." तिने काहीतरी मागितलं म्हणून बरं वाटलं आणि लगेच धास्ती बसली. मी ते कधी केलेलं नाही. तू करायचीस तेव्हा मी नुसती लुडबूड करायचो.

भांडुपच्या टेकडीवरची आपली खोली मला अजून दिसते. थंडीत मागच्या जंगलाकडून वारा उतरतोय, तू अंगावर बाबांचा जुना कोट घालून दाराबाहेर बसली आहेस. गावाला शिकार मिळाली की मांस असंच टिकवायचे, ती सवय तू इथेही सोडली नाहीस. तेलाचा रिकामा डबा, तळाशी नारळाची सोडणं नुसती धुमसणारी, वर काडीला ओवलेल्या, मीठ-हळद लावलेल्या मटणाच्या पट्ट्या आणि झाकणावर ओलं गोणपाट. मी दर घडीला झाकण उचलतो. शेवटी तू माझ्या हातावर चापट मारतेस. "सारखां काय उघडून बघतंस रे? बोकड काय उठान पळतलो?" मग म्हणतेस, थंडीत आतली ऊब एकदा गेली की परत धरायला वेळ लागतो. मी सातवीत शाळा सोडली तेव्हाही इतकं बोलली नव्हतीस.

आज बिल्डिंगच्या मागे, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली डबा मांडला. सोडणं देवळाजवळच्या नारळवाल्याकडून आणली. गार वारा सुटला होता, धूर वर जायचा सोडून जमिनीवरच लोळत होता. मला वाटलं विझलं, झाकण काढलं. मग वाटलं जाळ लागला, परत काढलं. मांस आतून कच्चं राहिलं आणि तिचं पोट बिघडलं तर काय, हेच डोक्यात. एवढ्यात सोसायटीचा सेक्रेटरी खाली आला.

"काका, काय जळतंय?"

"मटण आहे."

"कोणाची परवानगी घेतलीत?"

"बोकडाची," वरून आवाज आला.

मान वर केली तर ती खिडकीत उभी. शाल गुंडाळलेली, गजाला धरून. आजारी पडल्यापासून ती आपल्या पायांनी स्वयंपाकघरापर्यंत आली नव्हती. सेक्रेटरीला हसू आलं. "बरं, वाटीभर पाठवा मग," म्हणाला आणि गेला. मी परत झाकणाकडे हात नेला.

"अहो, हात काढा. वास येतोय ना? म्हणजे होतंय."

ती खिडकीतच स्टूल ओढून बसली आणि मी खाली विटेवर. संध्याकाळ होईपर्यंत ती वरून राखण करत होती, मटणाची नव्हे, माझी. पट्ट्या तांबूस, कोरड्या झाल्या. तरी मला भरवसा नव्हता, म्हणून कुकरला तीनच्या जागी पाच शिट्ट्या काढल्या आणि मगच कांदा-खोबऱ्यावर परतलं.

तिने अर्धी भाकरी खाल्ली. सावकाश, बोटं चाटत. मी समोर बसून प्रत्येक घासाकडे बघत होतो, तर म्हणाली, "तुम्ही पण खा की, मी काय पळून जाते?" मग जरा थांबून म्हणाली, "आईंच्यापेक्षा बरं झालंय."

हा कागद तुला पोचायचा नाही म्हणून लिहितो. तिच्या त्या बोलण्यावर मी "छे, आईसारखं कुठलं" असं म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. तिला आणखी एक तुकडा वाढला.