कडू घास

सोमवार, १२ जानेवारी १९९८

सुमनला दुपारी पंचगंगेवर पोचवून आलो. आज घरात चूल पेटवायची नाही. शेजारच्या आक्का बेकरीतला पाव घेऊन आल्या. "दादा, कडू घास घ्यायला लागतोय की," म्हणाल्या. पाव गरम होता.

सव्वीस वर्षांच्या संसारात सुमननं मला गरम पाव कधी खाऊ दिला नाही. "गरम खाल्लं की पोटात दुखतंय, उद्या खावा," म्हणायची आणि डब्यात झाकून ठेवायची. आज अडवणार कोण? एकच घास घ्यायचा होता, अख्खा पाव खाल्ला. वरून खरपूस, आत मऊ, गोडसर. कडू घास असा गोड लागतो होय? लाज वाटली, तरी बोटाला लागलेला चुरासुद्धा सोडला नाही.

तास झाला. पोटात दुखायची वाट बघत बसलोय.